पाच लेटरहेड आणि एक सुवर्णपदक

२०१७ च्या पावसाळ्यात नाशिकच्या आमच्या बॉक्सिंग क्लबात संध्याकाळचा सराव संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. मुलगा म्हणतोय खरं, पण तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. घर सातपूरला, वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर. शाळेत असल्यापासून आमच्याकडे येणारा, डावखुरा, पायाने हलका. डोकं मात्र सामन्यात पटकन तापायचं. हातावरच्या पट्ट्या गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "सर, सुवर्णपदक चालत नाही म्हणाले."

महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयानंतर या कामात काटेकोरपणा आला. यायलाच हवा होता. मैदानावर कधी न दिसलेल्यांच्या हातात प्रमाणपत्रं दिसतात, हे आम्ही सगळेच ऐकून होतो. पण चाळणी बारीक केली की खड्यांबरोबर काही दाणेही वर राहतात.

त्याच्या फायलीत दोन कागद होते. एक २०१३ मधल्या राज्य स्पर्धेतल्या सुवर्णाचा, दुसरा २०१५ च्या सुरुवातीला एका राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचा. दोन्ही खरे. २०१३ च्या अंतिम सामन्यात त्याच्या कोपऱ्यात मीच होतो. दुसऱ्या फेरीनंतर त्याच्या डोक्यावर पाणी ओतताना अर्धी बाटली माझ्याच बुटात गेली होती. पण खिडकीपलीकडच्या बाईंनी सामन्याबद्दल काही विचारलं नाही. त्यांचं बोट प्रमाणपत्राच्या माथ्यावरच्या बारीक ओळीवर होतं. 'संलग्न' हा शब्द आणि पुढे एका महासंघाचं नाव. "ही संस्था त्या तारखेला मान्यताप्राप्त होती, याचा कागद आणा," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजात तिरकसपणा नव्हता. त्यांच्यापुढे त्या दिवशी अशा वीस फायली असतील.

पुढचे काही महिने मी त्या एका ओळीच्या मागे फिरलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण जिल्ह्याजिल्ह्यांतून हा प्रश्न अजून येतो.

ओळ कुठून आली

बॉक्सिंग आपल्याकडे आलं ते छावण्या, पोलीस, रेल्वे आणि मिशनऱ्यांच्या शाळांच्या वाटेने. देवळाली कॅम्प शेजारी असलेल्या नाशिककराला हे वेगळं सांगायला नको. १९२५ मध्ये मुंबईत बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन उभं राहिलं. नाशिक तेव्हा मुंबई इलाख्यातच, म्हणजे कागदावर तरी आपण पहिल्या दिवसापासून आत होतो. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला भारताचे बॉक्सर गेले. त्यानंतर १९४९ मध्ये इंडियन अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन स्थापन झालं आणि मार्च १९५० मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. क्रिकेटच्या त्या नावाजलेल्या मैदानात ठोसे!

नावातला 'अमॅच्युअर' हा शब्द मला नेहमी खटकत आलाय. मराठीत त्याचं 'हौशी' होतं, आणि हौशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाट्यस्पर्धा येते. दिवसभर बँकेत काम करून रात्री तालमीला जाणारी मंडळी. आमच्या खेळात उलट आहे. इथे पोरगं हौसेने येतं आणि नोकरीसाठी टिकतं. हवासिंगने १९६६ आणि १९७० अशी लागोपाठ दोन आशियाई सुवर्णं बँकॉकमध्ये घेतली, तो सैन्यातला. १९८२ ला दिल्लीत सुवर्ण घेणारा कौरसिंग सैन्यातला. १९९८ ला पुन्हा बँकॉकमध्येच जिंकलेला डिंको सिंग नौदलातला. महासंघाच्या पाटीवर 'हौशी' लिहिलेलं असलं तरी खेळाडूचा संसार पगारावर उभा होता, आणि त्या पगाराकडे नेणारा कागद महासंघाच्या सहीशिक्क्याने चालायचा. म्हणून शिक्का मारणाऱ्याची गादी डळमळली की सातपूरच्या घरातली चूल हलते.

२००८ मध्ये विजेंदरने बीजिंग ऑलिम्पिकला कांस्य घेतलं आणि आमच्याकडे बॅगेपुढे रांग लागायला लागली. त्याआधी ग्लोव्हजच्या चार जोड्या पुरत होत्या. ऑगस्ट २०१२ मध्ये मेरी कोमने लंडनला कांस्य घेतलं आणि पहिल्यांदाच मुलींच्या आया स्वतःहून चौकशीला आल्या. पुढे चारच महिन्यांत महासंघ निलंबित झाला.

चार वर्षांचा घोळ

सप्टेंबर २०१२ मध्ये महासंघाची निवडणूक झाली. क्रीडा मंत्रालयाच्या २०११ च्या संहितेने पदाधिकाऱ्यांच्या वयाला आणि कार्यकाळाला मर्यादा घातली होती. अभयसिंह चौटाला यांची अध्यक्षपदाची मुदत भरली होती. ते 'चेअरमन' झाले, आणि अध्यक्ष झाले त्यांच्या नात्यातले राजस्थानचे आमदार अभिषेक मटोरिया. आपल्याकडे सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं की पाटी बायकोची आणि खुर्ची नवऱ्याची, तसलाच प्रकार. फक्त ही ग्रामपंचायत दिल्लीतली होती.

४ डिसेंबर २०१२ ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारतीय ऑलिम्पिक संघटनेला निलंबित केलं. दुसऱ्याच दिवशी त्या निलंबित संघटनेच्या निवडणुकीत चौटाला बिनविरोध अध्यक्ष झाले. आणखी एक दिवस गेला आणि आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटना, म्हणजे तेव्हाची आयबा, हिने निवडणुकीत गडबड झाल्याचा संशय घेऊन भारतीय महासंघाला तात्पुरतं निलंबित केलं. क्रीडा मंत्रालयानेही लगोलग मान्यता काढून घेतली. महासंघाने याच सुमारास नावातला 'अमॅच्युअर' गाळून 'इंडियन बॉक्सिंग फेडरेशन' असं नाव घेतलं होतं. पाटी नवी झाली आणि दुकानाला टाळं लागलं.

२०१३ मध्ये अम्मानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत शिवा थापाने सुवर्ण जिंकलं, ते तिरंग्याखाली नव्हे, आयबाच्या झेंड्याखाली. आमच्या पोरांनी मोबाईलवर तो फोटो पाहिला. "सर, आपला झेंडा कुठंय?" असं एकाने विचारलं. काय सांगणार? निलंबन म्हणजे काय हे तेरा वर्षांच्या मुलाला समजावता येतं, पण निवडणुकीतल्या कुरघोड्या समजावायला लागलो की आपलंच तोंड कडू होतं.

मार्च २०१४ मध्ये आयबाने जुन्या महासंघाचं सदस्यत्वच रद्द केलं. ११ सप्टेंबर २०१४ ला मुंबईत निवडणूक होऊन 'बॉक्सिंग इंडिया' ही नवी संस्था आली. अध्यक्ष संदीप जाजोदिया, सरचिटणीस आपल्या महाराष्ट्रातले जय कवळी. इंचिऑन आशियाई स्पर्धेच्या तोंडावर हे जुळलं, आणि भारतीय बॉक्सर पुन्हा तिरंग्याखाली उतरले. मे २०१५ मध्ये राज्य संघटनांनी अविश्वास ठराव आणून या दोघांना पायउतार केलं. जुलैत आयबाने हंगामी समिती नेमली, प्रमुख मुंबईचे किशन नरसी. उभं आयुष्य पंचगिरीत गेलेला माणूस. या सगळ्या नावांत मला थोडाफार भरवसा वाटला तो त्यांच्याच नावाचा. शेवटी २५ सप्टेंबर २०१६ ला मुंबईत पुन्हा निवडणूक, संस्थेचं नाव 'बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया', अध्यक्ष अजय सिंह, सरचिटणीस पुन्हा कवळी.

मधल्या काळात रिओ ऑलिम्पिक उरकलं. तीनच भारतीय बॉक्सर पात्र ठरले, शिवा थापा, मनोज कुमार आणि विकास कृष्ण. आणि तिथे पोशाखावर देशाचं नाव नाही म्हणून अडवणूक व्हायची वेळ आली. चार वर्षं घरात भांडण चाललं की पोराच्या शर्टाची बटणं कोण लावणार?

आमच्या कपाटात आजही त्या वर्षांची लेटरहेड आहेत. तळाशी 'संलग्न' म्हणून आधी अमॅच्युअर असलेलं नाव, मग अमॅच्युअर नसलेलं, मग बॉक्सिंग इंडिया, मग हंगामी समितीचा उल्लेख असलेली झेरॉक्स, मग आत्ताचं. रविवार कारंज्याजवळच्या छापखानेवाल्याने तिसऱ्या वेळेला विचारलं, "सर, या वेळी शंभरच छापू का?" उरलेल्या कोऱ्या कागदांच्या पाठीवर आम्ही वर्षभर स्पर्धेचे ड्रॉ आखले.

तीन किल्ल्यांचं कुलूप

खरा तिढा नावं बदलण्यात नव्हता. आपण 'मान्यता' हा शब्द एकवचनी वापरतो, पण ती तीन ठिकाणांहून येते. आंतरराष्ट्रीय संघटनेची, भारतीय ऑलिम्पिक संघटनेची आणि केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची. राज्य संघटनेपुरती महाराष्ट्र ऑलिम्पिक असोसिएशनची जोड असते, ती वेगळी. चांगल्या दिवसांत या किल्ल्या एकाच जुडग्यात असतात, त्यामुळे वेगळ्या आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

२०१२ नंतर जुडगा तुटला. आयबाने बॉक्सिंग इंडियाला आपलं मानलं तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेने तिला दारात उभं केलं नाही, जुन्याच महासंघाची पाठराखण केली. २०१६ मध्ये नवा महासंघ आला, आयबाने आणि मंत्रालयाने त्याला स्वीकारलं, तरी ऑलिम्पिक संघटना बराच काळ अडून बसली. म्हणजे एखाद्या तारखेला 'भारताचा अधिकृत बॉक्सिंग महासंघ कोणता' असं विचारलं तर तीन खिडक्यांवर तीन उत्तरं मिळायची, आणि प्रत्येक खिडकीवाला आपल्या जागी बरोबर असायचा.

आता मुलाचे कागद या उजेडात धरा. २०१३ चं सुवर्ण ज्या दिवशीचं, त्या दिवशी वरच्या ओळीतला महासंघ आयबाकडून निलंबित होता आणि मंत्रालयाची मान्यताही गेलेली होती. राज्य संघटना जागेवर होती, स्पर्धा रीतसर झाली होती, वजनं झाली होती, पंच होते. माथ्यावरचं छप्पर तेवढं नव्हतं. २०१५ चा कागद बॉक्सिंग इंडियाच्या काळातला. एक किल्ली लागते, दुसरी लागत नाही. तो फेटाळला नाही, 'खुलासा मागवला' या शेऱ्यात अडकला. शिवाय तो नुसता सहभागाचा, म्हणजे सुटला असता तरी त्याचं वजन किती?

मी आधी रागावलो होतो. नंतर तो शासन निर्णय आणि भरतीची जाहिरात शांतपणे वाचली, तेव्हा राग खिडकीवरून सरकला. त्या बाईंनी २०१३ चा कागद पास केला असता तर उद्या कुणीही घरगुती महासंघ काढून पदकं वाटली असती. नियम बरोबर होता, माणूसही बरोबर होता. चूक वरची आहे असं माझं ठाम मत आहे. एक संस्था जाऊन दुसरी येते तेव्हा मधल्या काळात झालेल्या कोणत्या स्पर्धा धरायच्या, कोणत्या नाहीत, याची एक पानाची यादी नव्या संस्थेने आणि मंत्रालयाने मिळून काढायला हवी. कंपनी विकली गेली तरी कामगारांची सेवा मोजायची की नाही हे आधी लिहून ठेवतात; सातपूर-अंबडच्या कुठल्याही युनियनवाल्याला हे पाठ असतं. आमच्या खेळात तशी यादी माझ्या हाती कधी आली नाही.

घरी राहिलेलं कांस्य

दोन महिने पत्रापत्रीत गेले. राज्य संघटनेकडून पत्र आणलं, ड्रॉच्या प्रती जोडल्या, निकालाचं पान जोडलं. जुन्या निकालपत्राची मूळ प्रत एका ज्येष्ठ पंचांच्या घरी माळ्यावर सापडली, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात. काही उपयोग झाला नाही. स्पर्धा झाली नाही असं कुणी म्हणतच नव्हतं, मग ती झाल्याचे पुरावे कुणाला हवे होते?

एका संध्याकाळी वैतागून मी त्याला म्हणालो, "घरी जेवढे कागद आहेत तेवढे सगळे घेऊन ये. अगदी चित्रकलेचं असलं तरी आण." दुसऱ्या दिवशी त्याची आईच आली, पोळ्यांच्या डब्याच्या पिशवीत सगळं घालून. त्यात दहावीची गुणपत्रिका, रक्तदानाचं एक प्रशस्तिपत्र, आणि २०११ चं राज्यस्तरीय शालेय स्पर्धेतल्या कांस्यपदकाचं प्रमाणपत्र.

मी ते हातात घेऊन बसलो. शालेय स्पर्धा क्रीडा खातं स्वतः घेतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी, आणि सही सरकारी अधिकाऱ्याची. महासंघ कुणाचा, अध्यक्ष कोण, आयबाने काय ठरवलं, या कशाचाही त्या कागदाशी संबंध नव्हता. दिल्लीत गाद्या हलत असतानाही तो जिथल्या तिथे होता.

"काकू, हे आधी का नाही दिलं?"

"ब्राँझ आहे ना ते," त्या म्हणाल्या. "गोल्ड असताना ब्राँझ कशाला दाखवायचं म्हणून याने ठेवून दिलं. तुम्हीपण नाही विचारलंत, सर."

खरंच नव्हतं विचारलं. सोनं बघून माझेही डोळे दिपले होते. त्या पदासाठी राज्य पातळीवरचं पदक पुरत होतं, रंग कोणताही असो. पण अर्जाची मुदत तोवर टळून गेली होती.

पुढच्या वर्षी कांस्याच्या प्रमाणपत्राची पडताळणी करून घेतली. शाळेने नावातल्या आडनावाची एक चूक दुरुस्त करून दिली, त्यात तीन आठवडे गेले; बाकी विघ्न आलं नाही. त्यानंतरच्या भरतीत त्याने खेळाडू कोट्यातून अर्ज केला, मैदानी चाचणीत पहिल्या फळीत आला आणि लेखी परीक्षेत मागे पडला. याचं खापर मात्र कुणाही महासंघावर फोडता येणार नाही. गणित कच्चं होतं आणि ते कच्चं ठेवण्यात संध्याकाळच्या माझ्या सरावाचा हात आहे.

ज्यांना झळ लागली नाही

या चार वर्षांत सगळ्याच खेळाडूंचं नुकसान झालं असं नाही. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये लहान वयात गेलेल्या मुलांना सेनादलाच्या स्वतःच्या स्पर्धा होत्या, रेल्वेवाल्यांना रेल्वेच्या, कॉलेजातल्यांना विद्यापीठाच्या. प्रत्येकाची स्वतःची शिडी होती, आणि त्या शिड्यांवरच्या प्रमाणपत्रांना वेगळा मालक होता. अडकला तो शाळा संपलेला, कॉलेज सोडलेला, नोकरी नसलेला आणि क्लबातून खेळणारा. नाशिकमध्ये आमच्याकडे येणारे बहुतेक तसेच: अंबड, सातपूर, सिडको, नाशिकरोड. त्यांना चढायला राज्य संघटनेची एकच शिडी, आणि तिचं वरचं टोक हवेत.

पालक विचारतात, धावायला का नाही घातलं? कविता राऊतने धावून नाव केलं, दत्तू भोकनळने होडी वल्हवून केलं, तसं काही. त्यांना उत्तर द्यायला मला जमत नाही. घड्याळातली वेळ कुठल्याही महासंघाच्या काळात तीच दिसते. आमच्या खेळात मात्र जिंकलास हे सांगायलाही माणसंच लागतात.

आताचं

नंतरही शांतता नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अजय सिंह यांनी आशिष शेलार यांना हरवून पद राखलं. तिकडे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१९ मध्ये आयबाला बाजूला सारलं आणि जून २०२३ मध्ये तिची मान्यताच काढून घेतली, तेव्हा खुद्द आंतरराष्ट्रीय किल्लीच बदलायची वेळ आली. २०२३ मध्ये 'वर्ल्ड बॉक्सिंग' ही नवी संघटना निघाली, २०२४ मध्ये भारतीय महासंघ तिच्यात गेला. २०२५ मध्ये पुन्हा निवडणुकीवरून कोर्टकचेरी, पुन्हा हंगामी समिती, ऑगस्टमध्ये निवडणूक. मार्च २०२५ मध्ये २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग राहणार हे ठरलं, त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले.

या वेळी मी पेढ्यांआधी वेगळं काम केलं. क्लबात एक वही घातली आहे, जाड, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येक स्पर्धेच्या पानावर तारीख, ठिकाण, वजनगट, निकाल, आणि त्याखाली तीन रकाने: त्या दिवशी आंतरराष्ट्रीय संघटना कोणती, ऑलिम्पिक संघटनेचं म्हणणं काय, मंत्रालयाचं काय. त्या दिवशीच्या पत्रांच्या प्रती पानाला टाचलेल्या. मूळ प्रमाणपत्र खेळाडूकडे, एक झेरॉक्स आमच्याकडे. शालेय प्रमाणपत्राची झेरॉक्स वेगळ्या फायलीत, आणि ती फाईल सगळ्यात वर.

वही भरायचं काम तो सातपूरचा मुलगाच करतो. आता अंबडला एका कारखान्यात आहे, पहिली पाळी असली की पाच वाजता लहान मुलांची बॅच घेतो. २०१५ च्या कागदाचा खुलासा अजून आलेला नाही. २०१३ चं सुवर्ण त्याने घरी भिंतीवर लावलंय. मागच्या महिन्यात एका मुलीची आई शालेय स्पर्धेचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "ब्राँझच आहे, ठेवू का घरी?" त्याने तो तिच्या हातातून घेतला, झेरॉक्स काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः गेला, आणि येताना दोन प्रती घेऊन आला.